उदाहरणातला माणूस

कुरुप सरांचा प्रश्न तसा थट्टेचाच होता. निवृत्त माणूस, कोळिकोडहून कुणी भाडं दिलं की कुठल्याही चर्चासत्राला हजर, पहिल्या रांगेत बसून अर्धा वेळ डुलक्या काढायच्या आणि शेवटी हात वर करून सगळ्यांना हसवायचं, ही त्यांची ठरलेली रीत. भ्रमरांबाचा निबंध वाचून झाला होता. डोंगरातल्या त्या भाषेत विशेषण नावाची वेगळी जातच नाही, 'थकलेला माणूस' म्हणायचं तर 'थकवा येऊन बसला तो माणूस' असा क्रियापदावरून वळसा घ्यावा लागतो, हे तिने कन्नड, तमिळ, तुळू आणि आपल्या घरची संकेती बोली यांच्या शेजारी मांडून असं चोख दाखवलं होतं की एरवी तिच्यावर खार खाऊन असणारे दोघे-तिघेही मान डोलावत होते. शेवटची उदाहरणं पडद्यावर अजून तशीच होती. कुरुप सर उठले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, विशेषणाचं पटलं. एकच सांगा. हा उदाहरणातला माणूस बरा आहे ना?" सभागृह हसलं. भ्रमरांबाही हसली. "सर, उदाहरणं रूपासाठी असतात, बातमीसाठी नाही," ती म्हणाली, त्यावर जास्तच हशा झाला, टाळ्या पडल्या आणि अध्यक्षांनी चहाची घोषणा करून टाकली.

संगणक बंद करायला म्हणून ती वळली आणि पडदा तिच्या अगदी समोर आला. ती वाक्यं तिने स्वतः निवडली होती, स्वतः टंकली होती, त्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याखाली त्याची जात लिहिली होती. वाचली मात्र आज पहिल्यांदा. थकवा मला येऊन बसतो. जिना मला चढवत नाही. छातीवर कोणीतरी बसून असतं. रात्र मी भिंतीला टेकून काढतो. खालच्या गावात मी राहणार नाही. बहीण ओढ्यापलीकडे आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मुद्द्यांसाठी टिपलेली ही वाक्यं. तिने ती रूपाप्रमाणे लावली होती, आधी साधी, मग नकाराची, मग स्थळाची. पण लागली ती अशी. एक माणूस सावकाश, एकेक पायरी उतरत काहीतरी सांगत होता आणि ते गेले काही महिने तिच्या अक्षरात, तिच्या टेबलावर पडून होतं. तिने कळ दाबली. पडदा पांढरा झाला. डोळ्यांपुढची वाक्यं मात्र गेली नाहीत.

खाली केसरीभाताच्या बशा फिरत होत्या. संचालकांनी तिला गाठून सांगितलं की दिल्लीचे पाहुणे फार खूश आहेत, व्याकरणाचा ग्रंथ वर्षअखेर छापायला जायलाच हवा, असं काम साऱ्या देशात दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्य नाही. ती बरं बरं म्हणाली. कॉफीचा पेला हातात होता, तो गरम आहे एवढं तिला कळत होतं. आपल्याला जरा गेस्टहाउसवर जायला हवं, बोम्मज्जाला औषध द्यायचं राहिलंय, असं काहीतरी ती पुटपुटली. संचालक म्हणाले की औषध पुट्टस्वामी देईल, चारच्या सत्राला अध्यक्ष तुम्ही आहात. ती हो म्हणाली आणि मागच्या दाराने बाहेर पडून रिक्षात बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखादं सत्र टाकून निघाली होती. बोम्मज्जाला, ज्याच्या तोंडून ती वाक्यं टिपली होती त्या म्हाताऱ्याला, कसलंही औषध चालू नव्हतं. ते चालू असायला हवं होतं, हे तिला रिक्षात बसल्यावर सुचलं.

रिक्षा कुक्करहळ्ळीच्या तळ्याकडेने निघाली. ऊन पांढरं होतं, तळ्याचं पाणी बरंच मागे हटलेलं. तिने पुट्टस्वामीला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. झोपला असेल, तिने स्वतःला समजावलं. गेस्टहाउसचा राखणदार दुपारी झोपणार नाही तर कधी झोपणार. बोम्मज्जाही झोपला असेल. दुपारी तो कॉटवर न झोपता खाली चटईवर झोपतो, भिंतीकडे तोंड करून. नाही, टेकून बसतो. रात्र मी भिंतीला टेकून काढतो. हे वाक्य त्याने केव्हा दिलं होतं? तिने आठवायचा प्रयत्न केला आणि आठवलं ते असं की 'टेकणे' हा धातू तिला त्या दिवशी नव्यानेच सापडला होता. कन्नडमध्ये तसा नाही, तमिळमध्ये जवळचा आहे. तो सापडला म्हणून ती एवढी खूश झाली होती की पुट्टस्वामीकडून सर्वांना म्हैसूरपाक आणवला होता. बोम्मज्जाने आपला तुकडा हातात धरून ठेवला. खाल्ला की नाही, हे तिने पाहिलं नव्हतं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा त्या डोंगरावर गेली, तेव्हा त्याची बहीण जिवंत होती आणि तोही पाठीवर लाकडं घेऊन चढण चढत होता. दोघांखेरीज ती भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं. पोरंबाळं खालच्या मळ्यांत कामाला गेली ती कन्नड आणि मल्याळम बोलूनच राहिली. भ्रमरांबाने आपली प्रश्नावली काढली, सगळे काढतात तशी. मी जातो, तू जातोस, तो जातो. मी गेलो, मी जाणार, मी जाणार नाही. पहिल्याच वाक्याला म्हातारा अडला. "मी कुठे जातोय? मी तर इथे बसलोय," तो म्हणाला. बहीण तोंडाला पदर लावून हसली. तो मुद्दाम अडवत नव्हता. घडलेलं नाही ते तोंडाने कसं म्हणायचं, हा त्याचा खरोखरचा प्रश्न होता. भ्रमरांबाने त्याला दोन दिवस समजावलं. अज्जा, हे खरं नाही, हे नुसतं म्हणायचं. तू जात नाहीस, तुझी बहीण मेली नाही, वाघाने तुला खाल्लं नाही, पण खाल्लं असतं तर कसं म्हटलं असतंस, तेवढंच सांग. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मग काय, खेळच सापडल्यासारखा तो वाक्यांमागून वाक्यं देत सुटला. मी मेलो, तू मेलीस, आम्ही सगळे मेलो. बहिणीला काही ते आवडलं नाही, ती उठून गेली. भ्रमरांबाने मात्र त्या संध्याकाळी घरी पत्रात लिहिलं होतं की म्हातारा तयार झाला. आता रिक्षात बसून तिला वाटलं, आपणच त्याला शिकवलं की बोललेलं खरं नसतं. त्याने शिकून घेतलं म्हणून आपण निश्चिंत झालो. पुढे त्याने खरं बोलायला सुरुवात केली असेल तर ती कधी केली, हे आपल्याला कळणार कसं होतं?

पण अर्थ सोडून रूप बघायची ही खोड त्याच्यामुळे लागलेली नव्हती, हेही तिला ठाऊक होतं. अग्रहारातल्या घराच्या ओसरीवर वडील शिकवणी घेत. समोर मुंज झालेली पाच-सहा पोरं, मध्ये विभक्ती, आणि भ्रमरांबा सात-आठ वर्षांची. पेरूच्या झाडावरून पडून हात मोडून घेऊन ती आत धावत आली होती, कोपराखाली हात भलत्याच दिशेला वळलेला, तोंडातून एकच वाक्य, हात दुखतोय, हात दुखतोय. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, दुखतो कोण? कर्ता सांग. पोरं हसली. ती हुंदके देत म्हणाली, हात. आणि तू कोण? ती म्हणाली, मी षष्ठी, माझा हात. वडिलांचा चेहरा असा फुलला की त्यानंतर तिच्या पदव्यांना, पुरस्कारांनाही तो तसा फुलला नाही. त्यांनी तिला कडेवर घेतलं, हाडवैद्याकडे नेलं, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले की पोरीने मोडक्या हाताने षष्ठी ओळखली. खरी गोष्ट पुढेच आहे, जी तिने कुणाला सांगितली नाही. 'मी षष्ठी' म्हटल्याबरोबर दुखणं थांबलं होतं. म्हणजे हातात होतं, पण तिच्यात नव्हतं. ते बाजूला जाऊन बसलं. एवढं मोठं औषध हाताशी आल्यावर कोण सोडेल? लग्न मोडलं तेव्हा, आई गेली तेव्हा, तिने तेच केलं. माणसं म्हणत, बाई खंबीर आहे हो. ती नुसती वाक्यांचे तुकडे पाडत होती.

सिग्नलला रिक्षा थांबली. समोर पाट्यांची रांग. नाम, नाम, विशेषण आणि नाम, एक आज्ञार्थ. डोकं आपलं काम करतच होतं, कोणी सांगितलं नसताना. तिला त्याची पहिल्यांदाच किळस आली. तिने डोळे मिटले, तर बोम्मज्जाचा आवाज ऐकू येऊ लागला, त्या अलीकडच्या सकाळींतला. प्रश्नावलीतलं वाक्य देऊन झालं की तो थोडा थांबायचा, खिडकीकडे तोंड करायचा आणि स्वतःशीच बोलल्यासारखं आणखी एक वाक्य टाकायचा. न मागता मिळालेलं वाक्य म्हणजे आपल्या धंद्यात दिवाळी. ती खाली मान घालून भराभर लिहून घ्यायची. आणि आता तिने एकदम डोळे उघडले. कारण त्या लोकांची रीत तिला माहीत होती, साऱ्या जगात तिलाच माहीत होती. ज्याच्या घरचं अन्न खातो त्याच्याकडे तोंडाने काही मागायचं नाही. मागायचं असलं की त्याच्याकडे न बघता, वाऱ्याला सांगितल्यासारखं बोलायचं, आणि घरधन्याने ते आपण होऊन ओळखायचं. ही रीत तिने ग्रंथाच्या विनंतीवरच्या प्रकरणात दीड पान लिहिली होती. तिला एक भारदस्त नावही दिलं होतं, जे कुरुप सरांनी वाखाणलं होतं. वर्षाच्या सुरुवातीपासून तो तिच्या संस्थेचा भात खात होता आणि खिडकीकडे तोंड करून तिच्याकडे मागत होता. ती लिहून घेत होती.

कन्नडमध्ये त्याने एकदाच विचारलं होतं. कन्नड ही त्याची जंगलखात्याशी आणि दुकानदाराशी बोलायची भाषा, तीत तो बहुतेक हो आणि बरं एवढंच म्हणे. तरी एकदा जिन्यात थांबून, कठड्याला धरून तो म्हणाला, "अम्मा, वरची बस अजून सुटते का?" सुटते की, ती म्हणाली, क्रियापदाचं प्रकरण आटोपलं की मीच बसवून देते. मग क्रियापदाचं आटोपलं आणि अव्ययं निघाली. मग दिल्लीचे पाहुणे येणार होते, त्यांना भाषेचा माणूस दाखवायला हवा होता. मग हे चर्चासत्र. प्रत्येक वेळी तो बरं म्हणाला. तो कठड्याला का धरून होता, हे तिने आता पाहिलं. जिना मला चढवत नाही. घोटे सुजलेले होते त्याचे. पाहिले होते तिने, डोळ्यांनी पाहिले होते, आणि 'सुजणे' कसं म्हणतात ते विचारलं होतं.

आजच, ती मनाशी म्हणाली. आज गाडी करायची, चारचं सत्र गेलं खड्ड्यात, संध्याकाळपर्यंत घाटाच्या पायथ्याशी पोचता येईल. डॉक्टरला बरोबर घेऊ. ओढ्यापलीकडे त्याच्या बहिणीला पुरलंय, तिथे त्याला जाता आलं पाहिजे, आपल्या पायांनी नाही तर कुणाच्या खांद्यावरून, पण जिवंतपणी. हे ठरवल्यावर तिला बरं वाटलं. त्याला सांगायचं वाक्यही तिने जुळवून ठेवलं, त्याच्याच भाषेत, उद्या नव्हे आज आपण दोघं वर जाऊ. दोघांचा प्रत्यय वेगळा लागतो तो लावून, निर्दोष. तेवढ्यात फोन वाजला. पुट्टस्वामी होता. त्याचा आवाज दबका होता, मागे कोणीतरी बोलत होतं. "मॅडम, तुम्ही निघालाच असाल तर या लवकर. डॉक्टरबाई आल्यात," तो म्हणाला. काय झालंय विचारेपर्यंत फोन बंद झाला. तिने रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला.

खोलीत पंखा पूर्ण वेगात होता, तरी कोंदट वास होता, ओल्या कांबळीचा. बोम्मज्जाला कॉटवर उशा लावून बसवलं होतं. श्वास घेताना त्याचे खांदे वर उचलले जात होते. दवाखान्यातली डॉक्टरबाई तरुण होती, घाबरलेली होती आणि ते दिसू नये म्हणून भराभर बोलत होती. हृदयाने थकायला घेतलंय, पाणी साठलंय, हे आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे, यांनी कुणालाच काही सांगितलं नाही का? रुग्णवाहिका बोलावली आहे. वर डोंगरावर नेता येईल का, भ्रमरांबाने विचारलं. डॉक्टरबाईने मान हलवली, घाट चढेपर्यंत टिकणार नाहीत म्हणाली, पण इथेही काही सांगता येत नाही. पुट्टस्वामी हात जोडल्यासारखे करून उभा होता. "तासभर झाला, एकसारखं काहीतरी सांगतोय," तो म्हणाला. "आम्हाला काय कळणार? मी म्हटलं, मॅडम येऊ देत. सगळ्या जगात एक त्यांनाच येतं." डॉक्टरबाई म्हणाली, "विचारा ना, काय हवंय त्यांना. माणसाच्या मनात काही राहू नये."

तिने खुर्ची जवळ ओढली. बोम्मज्जाने डोळे उघडले आणि तिला पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते तिने याआधी फक्त बहीण असताना पाहिलं होतं. तो बोलू लागला. खिडकीकडे तोंड न करता, सरळ तिच्या डोळ्यांत बघून. तो बोलत राहिला, धाप लागली की थांबे, पुन्हा बोले. भ्रमरांबा पुढे वाकली. ओढा, असा एक शब्द आला. मग 'ती' आलं, किंवा 'तिला'. एक नकार गेला, पण कशाचा ते हातून निसटलं. मग बराच वेळ काहीच ओळखीचं आलं नाही. पहिल्यांदा तिला वाटलं, त्याची जीभ जड झालीय. पण जीभ जड झाली नव्हती. तो नेहमीसारखा बोलत होता, माणसं आपल्या माणसाशी बोलतात तसं, शब्दात शब्द मिसळून, अर्धे गिळून. तिच्याशी तो असा कधी बोललाच नव्हता. इतकी वर्षं तो तिला एकेक शब्द सुटा करून देत आला होता, पोरीला घास भरवावा तसा, तिने लिहून मान वर करीपर्यंत वाट बघत. ती त्यालाच भाषा समजत होती. दोघं बहीण-भाऊ चुलीपाशी बोलायचे तेव्हा ती नेहमी उठून बाहेर जायची, कारण त्यात प्रश्नावलीच्या कामाचं काही नसायचं.

तो थांबला. त्याचं सांगून झालं होतं. आता तो तिच्याकडे बघत होता आणि बघण्यात घाई नव्हती, विचारलं आहे आणि उत्तर येणार आहे याची खात्री होती. रिक्षात जुळवलेलं ते निर्दोष वाक्य तिच्या तोंडाशी आलं आणि घाटाचं आठवून मागे गेलं. "काय म्हणाले?" डॉक्टरबाईने विचारलं. पुट्टस्वामीही बघत होता. मला कळलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. लहान वाक्य, कुठल्याही भाषेत लहानच असतं. ते म्हटलं असतं तर कदाचित तिला त्याच्याकडे वळून, अज्जा, हळू सांग, असंही म्हणता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे तिची सगळी हयात होती, तो ग्रंथ, ते सभागृह, कडेवर घेऊन मिरवणारे वडील. तिला आपलाच आवाज ऐकू आला, शांत, वर्गात असतो तसा.

"पाणी मागतोय," ती म्हणाली.

पुट्टस्वामी धावला. पेला आला. डॉक्टरबाईने त्याचं डोकं धरलं, घोटभरच द्या म्हणाली. बोम्मज्जाने ओठांपाशी आलेल्या पेल्याकडे पाहिलं, मग भ्रमरांबाकडे. क्षणभर त्याला काही उमगेना. मग उमगलं. त्याने तोंड उघडलं आणि तो पाणी प्यायला, घोटामागून घोट, डॉक्टरबाई पुरे पुरे म्हणेपर्यंत, ताटात वाढलेलं पाहुण्याने संपवावं तसं. पुट्टस्वामीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला की बघा, तहानेने कासावीस झाला होता बिचारा, मॅडम नसत्या तर तसाच राहिला असता. डॉक्टरबाईने भ्रमरांबाच्या खांद्यावर हात ठेवला. खाली रुग्णवाहिकेचा आवाज आला आणि दोघंही जिन्याकडे गेली.

बोम्मज्जाने मनगटाने ओठ पुसले. त्याच्या चेहऱ्यावरचं मघाचं ते आता राहिलं नव्हतं; होती ती रोज सकाळची जुनी, समजूतदार सबुरी. त्याने श्वास गोळा केला. मग आपल्या भाषेतला पाण्याचा शब्द त्याने उच्चारला, स्वच्छ, सुटा, दोन्ही अक्षरं वेगळी करून, आणि तिच्या लिहिणाऱ्या उजव्या हाताकडे बघत तो थांबून राहिला.